दोन गोण्यांची सुनावणी

आता हसू नका हं आधीच. मी हा किस्सा सांगायला घेतला की आमचे हे उठून आतल्या खोलीत जातात, कारण त्यांना तो सहन होत नाही. मलाही होत नाही. पण चहा टाकलाय आणि तुम्ही विचारलंत, तर सांगते. माझ्या हातून आजवर शेकड्यांनी घोटाळे झालेत. कुकरला शिट्टी न लावता मी अर्धा तास वाट बघितलेली बाई आहे! पण एका माणसाचं अख्खं शेत गिळून बसले, असा घोटाळा एकच.

नेरूळला आम्ही राहायला आलो ते नव्वदच्या पुढेमागे. नवं कोरं घर, मोकळी हवा, मोठी बाल्कनी. गिरगावातल्या चाळीत वाढलेली मी, बाल्कनी बघून वेडीच झाले. म्हटलं, आता बघा कशी बाग फुलवते! तुळस लावली, मेली. मोगरा लावला, मेला. कोरफड म्हणतात मारल्याशिवाय मरत नाही, तीसुद्धा चार दिवसांत पिवळी पडून आडवी झाली.

खाली भाजी घेऊन बसायची ती नेरूळ गावातली जनाबाई. ती मला हसायची. "बाय, तुमची बिल्डिंग मिठागरावर हाय. मिठान कदी तुलस व्हते काय?"

खरंच होतं तिचं. कुंडीतली माती वाळली की वर पांढरी साय धरायची आणि उकरली की शिंपले निघायचे. त्यामुळे आमच्या सोसायटीत एक रिवाजच पडला होता. कोणी गावाला निघालं की त्याला सांगायचं, "येताना माती आणा हो!" लोक कोकणातून आंबे आणतात, घाटावरून गूळ आणतात. आमच्याकडे माणूस माती घेऊन जिना चढताना दिसला की शेजारणी दार उघडून विचारायच्या, "कुठली? तांबडी की काळी?"

आणि काळी माती म्हणजे आमच्या सासूबाईंच्या माहेरची. चंद्रपूरकडची. सासूबाई होत्या तोवर सांगायच्या, त्या मातीत काठी खोचली तरी पालवी फुटते. मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, तिकडचं कोणी भेटलं की निरोप द्यायची, "मामांना सांगा, इकडे आलात तर थोडी काळी माती आणा." सगळे हो हो म्हणायचे. आणली कुणीच नाही.

मामा म्हणजे ह्यांचे मामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ. एकटेच राहायचे. मूलबाळ नाही, मामी दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. त्यांच्या शेताखाली कोळसा निघाला होता. एका कंपनीने करार करून शेत खणायला घेतलं. अट अशी होती की वरची काळी माती बाजूला जपून ठेवायची, कोळसा काढून झाला की खड्डा बुजवायचा, माती पुन्हा वर पसरायची आणि जमीन पूर्ववत करून मालकाच्या हाती द्यायची. कंपनी म्हणत होती, दिली. मामा म्हणत होते, दगड दिले. ह्याच्यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललेलं. तिकडे निकाल कंपनीच्या बाजूने लागला, मामांनी अपील केलं, आणि त्या खात्याचं वरचं ऑफिस नेमकं आमच्या बेलापूरला! कुठलं खातं ते विचारू नका, मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. एवढंच माहीत होतं की ही शेवटची सुनावणी. हरले तर शेत गेलं, जिंकले तर कंपनीला काळी माती आणून पुन्हा पसरावी लागणार.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मामा आले. हे त्यांना दादरहून चक्क टॅक्सीने घेऊन आले, कारण मामांसोबत दोन गोण्या होत्या.

मी दार उघडलं. मामा दारात, धोतर, टोपी, डोळे जागरणाने लाल. आणि पायाशी उशीएवढ्या दोन गोण्या. एकीच्या तोंडाला सुतळी, दुसरीला लाल चिंधी.

"मामा, काय आणलंत एवढं?"

"माती हाय सूनबाई. वावरातली," ते म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

आता तुम्ही सांगा! माझ्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असता? इतकी वर्षं मी निरोप पाठवतेय, काळी माती आणा, काळी माती आणा. आणि एक म्हातारा माणूस कोर्टकचेरीच्या धावपळीत, त्या वयात, माझ्यासाठी दोन गोण्या माती घेऊन आला! मला भरूनच आलं हो. मी आंघोळीच्या पाण्यात वाळा टाकला, पोहे केले, वर खोबरं जरा जास्तच घातलं.

"मामांची सुनावणी दुपारी आहे," हे म्हणाले. "मला ऑडिटमुळे सुट्टी नाही. तू जा त्यांच्यासोबत. जे काय लागतं ते सगळं त्यांनी आणलंय." आणि गेले ऑफिसला.

मामा पोहे खाऊन आडवे झाले ते घोरायलाच लागले. आणि माझे हात शिवशिवायला लागले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. काम समोर दिसलं की मी आधी करते आणि विचार मग, वेळ मिळाला तर.

सुतळीची गोणी उघडली. आत राखाडी दगडगोटे, मुरूम, मध्ये मध्ये कोळशाचे तुकडे. म्हटलं, ही कसली माती? मग डोक्यात प्रकाश पडला! कुंडीच्या तळाला घालायला आणलेत, पाणी निचरायला! काय बाई अनुभवी माणूस! ती तशीच बांधून ठेवली.

मग लाल चिंधी सोडली. आणि काय सांगू! काळीभोर, रवाळ, हातात घेतली तर थंडगार लागली. मी त्या मातीचा वास घेत तिथेच बसले. मग भराभर सगळ्या कुंड्या उपसल्या, जुनी खारी माती वर्तमानपत्रावर काढली, मामांची माती कुंड्यांत भरली. नुसती भरली नाही, त्यात शेणखत कालवलं, आठवडाभर साठवलेला चहाचा चोथा कालवला. नवी तुळस लावली. पाणी घातलं.

आता जुनी माती कुठे टाकायची? समोर रिकामी गोणी होती. भरली तिच्यात. आणि मी पडले नीटनेटकी! तीच लाल चिंधी, तशीच गाठ मारून, गोणी होती तिथे दारामागे ठेवून दिली. वॉचमन आला की त्याच्याकडून खाली टाकून घेऊ म्हटलं.

दुपारी मी साडी बदलून बाहेर येते तर दोन्ही गोण्या जाग्यावर नाहीत. खाली आले. मामांनी वॉचमनच्या मदतीने त्या रिक्षात चढवलेल्या! मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात समजूतदारपणा. सुनेचा कचरा, वर उरलेले दगडगोटेसुद्धा, जाताजाता टाकायला निघालेत. आमच्या ह्यांना कधी जमलं नाही हे.

रिक्षा निघाली. वाटेत नाला लागला. मी म्हटलं, "मामा, ही लाल चिंधीवाली इथे टाकून देऊ या का?"

मामा गालात हसले. "नाही सूनबाई. ही तं साहेबाच्या टेबलावरच टाकतो."

मी इतकी हसले, इतकी हसले की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. म्हटलं, काय विनोदी माणूस आहे! शेवटची सुनावणी आणि डोक्याला टेन्शन म्हणून नाही!

ऑफिसात एक लांब टेबल. मधे साहेब, चष्मा, सभ्य चेहरा. एका बाजूला कंपनीचे वकील, हातात गुळगुळीत रंगीत फोटोंचा अल्बम. दुसऱ्या बाजूला आम्ही. मामांनी वकील दिला नव्हता. मी भिंतीशी खुर्चीत बसले.

वकील उठले. "सर, हे बघा. खड्डा भरलाय, माती पसरलीय, वर झाडं लावलीत. सगळं हिरवंगार आहे."

साहेबांनी फोटो बघितले. "काय हो आजोबा? हिरवं तर दिसतंय."

"सुबाभूळ हाय जी ते," मामा म्हणाले. "सुबाभूळ तं उकिरड्यावरही येते. माह्या वावरात ज्वारी व्हत होती, तूर व्हत होती. आता तिथं नांगर घातला तं फाळ तुटते."

"ते तुम्ही म्हणता," वकील म्हणाले. "मूळ माती कशी होती याला पुरावा काय? शेत तर खणून झालं."

मामा उठले. सांगते तुम्हाला, तो माणूस उठला तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न शेवटी कोणीतरी विचारला होता.

"पुरावा आणला हाय," ते म्हणाले. "मशिनी यायच्या आदल्या दिवशी एक चुंगडी भरून ठेवली होती. ही बघा कंपनीनं पसरवलेली माती, आन् ही बघा माही माती. तुमीच सांगा साहेब, दोन्ही एकच हाय का."

तिकडे गोणीला चुंगडी म्हणतात. चुंगडी? कुठली चुंगडी?

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. मामांनी आधी सुतळीची गोणी ओतली. दगडगोटे, कोळसा. साहेबांनी भुवया उंचावल्या. मग मामांनी लाल चिंधी सोडली. खाली बघितलंसुद्धा नाही. बघायचं काय, स्वतःची माती ती! साहेबांच्या तोंडाकडे बघत त्यांनी गोणी उलटी केली.

माझी जुनी माती पडली. पांढरट, खारी. त्यात तुळशीचं वाळकं खोड, अगरबत्तीच्या काड्या, शिंपले. आणि त्या ढिगावरून घरंगळत, टेबलभर चमकत, एक गोष्ट साहेबांच्या पेनापाशी जाऊन थांबली.

"अगं बाई! माझी फिरकी!"

हो हो, मीच ओरडले! दिवाळीपासून हरवलेली माझ्या कानातल्याची सोन्याची फिरकी. कुंड्यांना पाणी घालताना पडली असणार. आख्खं ऑफिस माझ्याकडे वळलं.

वकिलांनी एक शिंपला चिमटीत धरला. "सर, चंद्रपूरला कोळसा निघतो हे माहीत होतं. सोनं निघतं आणि समुद्रही निघतो, हे आज समजलं!"

सगळे हसले. पंखा पुसायला आलेला शिपाईसुद्धा हसला. मामा हसले नाहीत. ते आता पहिल्यांदाच टेबलावर बघत होते. त्यांनी त्या मातीला बोट लावलं, बोट जिभेला लावलं, आणि माझ्याकडे बघितलं.

मी उठले. म्हटलं आता गप्प बसून चालायचं नाही, खरं ते सांगून टाकू. खरं सांगितलं की सगळं सुरळीत होतं, असं मला तोवर वाटायचं.

"साहेब, ही मामांची माती नाहीच! ही माझी आहे!"

"तुम्ही कोण?"

"मी नेरूळची."

"म्हणजे अर्जदारांच्या घरात नमुना बदलला गेला," वकील म्हणाले. "सर, हे कृपया नोंदवून घ्या."

"बदलला नाही हो! म्हणजे बदलला, पण मुद्दाम नाही! मला वाटलं माझ्यासाठी आणलीय. खरी माती माझ्या कुंड्यांत आहे, नेरूळला! अर्ध्या तासात घेऊन येते!"

"कुंड्यांत? त्यात काही मिसळलंय का?"

"शेणखत. आणि थोडासा चहाचा चोथा."

पुन्हा हशा. साहेबांनी हात वर करून तो थांबवला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. त्यांनी चष्मा काढला आणि मामांना विचारलं, "आजोबा, दुसरा नमुना मिळेल का? मूळ जमिनीचा, कुठल्या तरी कोपऱ्यातला?"

"कोपरा ठेवलाच नाही जी त्याइनं," मामा म्हणाले.

"मग मी कंपनीची माती कशाशी ताडून बघू? आणि तुम्ही मूळची म्हणून जी दाखवलीत तिच्याशी ताडली," साहेब हळूच म्हणाले, "तर यांची बरी आहे."

बस्स. तिथेच निकाल लागला. जमीन पूर्ववत झाली आहे असं धरण्यात येत आहे, वगैरे वगैरे. शिपायाने दोन्हीकडची माती एकत्र करून गोणीत भरली आणि बाहेर नेली. माझी फिरकी मात्र साहेबांनी आठवणीने परत दिली. हातात घेताना मला ती नाल्यात फेकून द्यावीशी वाटली.

परतीच्या रिक्षात मी रडत होते. मामा गोणीची ती लाल चिंधी बोटाला गुंडाळत आणि सोडत होते. माझं रडणं मोठं होत गेलं तसं रिक्षावालाही बिचारा सावकाश चालवायला लागला.

घरी आल्यावर ते थेट बाल्कनीत गेले. तुळशीच्या कुंडीपाशी उकिडवे बसले आणि मातीत हात घातला. मनगटापर्यंत.

"मामा, ओरडा ना मला! दोन थोबाडीत मारा!"

"काऊन मारू?" ते म्हणाले. "तुले कोणी सांगतलंच नाही. म्या आल्याबरोबर सांगाले पायजे होतं." मग म्हणाले, "ही चुंगडी तुह्या मामीनं भरली होती. म्या म्हटलं, माती कायले भरते, वावर तं परत भेटनार हाय. तिनं ऐकलं नाही. आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली."

मी म्हटलं, "परत भरून देते मामा. खतासकट असली तरी तुमचीच आहे. घेऊन जा."

"नेऊन टाकू कुठं सूनबाई?" मामा म्हणाले. "माती हाय. जमीन कुठं हाय?"

संध्याकाळी हे घरी आले. सगळं ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. "अगं, गोणी उघडण्याआधी विचारायचं तरी!" एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

मामा दुसऱ्या दिवशी गेले. जाताना चिंधी घेऊन गेले, माती ठेवून गेले. "पानी देत जा," म्हणाले.

आणि मग ऐका. महिनाभरात तुळशीच्या शेजारी एक कोंब वर आला. मी गवत समजून उपटणार होते, पण त्या दिवसापासून मी काहीही उपटण्याआधी विचारायला शिकले होते. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि त्यांच्या गावातल्या दुकानात फोन लावून मामांना बोलावून घेतलं.

"पान कसं हाय?"

"लांबट. मधे पांढरी रेघ."

मला वाटलं लाईन कटली. मग मामा म्हणाले, "ज्वारी हाय ते. मातीत दाना राह्यला असंन."

त्यानंतर दर रविवारी मी फोन करायची आणि मामा चौकशी करायचे, अगदी शेतमालकाच्या थाटात. निंदण केलं का? पाखरं बसतात का? कणीस भरलं का? इकडे नेरूळला, बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, मी कुंडीतल्या ज्वारीच्या एका ताटाची राखण करत चिमण्यांना हाकलत होते. कणीस आलं! एवढुसं, पण आलं. मी ते कापडात बांधून ठेवलं, मामा आले की त्यांच्या हातात द्यायचं म्हणून. मामा आले नाहीत. बूथवर दुकानदाराचाच फोन आला, मामा वारल्याचा. ह्यांना रजा मिळाली, हे गेले, आणि ते कणीस त्यांच्यासोबत मी पाठवलं. तिकडे ते कुठे ठेवलं, मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही.

आता माझी बाल्कनी बघा. तुळस माझ्या छातीला लागते, मोगऱ्याला पानं कमी आणि फुलं जास्त. सगळी सोसायटी येऊन बघते. परवा शेजारच्या कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, "काय माती आहे हो तुमची! कुठून आणलीत?"

म्हटलं, "कोळशाच्या खाणीची जमीन आहे ती. मूळची."

"अय्या, म्हणजे कंपनीने परत दिली?"

"छे हो! कंपनीने घेऊन जी उरली होती, ती मी घेतली. आणि कंपनीने निदान आधी नोटीस तरी पाठवली होती."